कंट्रोल चार्टवरचा एक ठिपका येतो कुठून?

एका कारखान्यासाठी डॅशबोर्ड बनवताना मी प्रत्येक शाफ्टचं माप थेट एक्स-बार चार्टवर टाकलं. झालं! अलार्म वाजत राहिला आणि ऑपरेटर नीट चाललेलं मशीन थांबवत राहिले.

चूक माझीच होती. या चार्टवरचा ठिपका म्हणजे एक शाफ्ट नसतो, एका गटाची सरासरी असते. समजा, लागोपाठचे ५ शाफ्ट मोजले: १०.०२, ९.९८, १०.०१, १०.००, १०.०४ मिमी. बेरीज ५०.०५, भागिले ५, म्हणजे १०.०१. हा झाला ठिपका. सर्वांत मोठ्या मापातून सर्वांत लहान वजा केलं की ०.०६. ही रेंज, ती जाते आर चार्टवर.

आता मर्यादा. आधीच्या गटांची एकूण सरासरी १०.०० आणि सरासरी रेंज ०.०५ धरू. ५ च्या गटासाठी गुणक ठरलेला आहे, ०.५७७. गुणाकार साधारण ०.०२९. म्हणून मर्यादा ९.९७१ ते १०.०२९.

आपला १०.०१ आत आहे. पण एकटा १०.०४ टाकला तर बाहेर! सरासरी एकेका मापापेक्षा कमी हलते, म्हणून तिच्या मर्यादा अरुंद असतात. तेव्हा चार्ट बनवण्याआधी एवढंच बघा: ठिपका एकाचा आहे की गटाचा?