भुलेखालील ब्रॉन्कोस्कोपी आणि मिटणारे फुप्फुस

फुप्फुसात गाठ दिसलेला जालना जिल्ह्यातील रुग्ण ब्रॉन्कोस्कोपीसाठी बहुधा छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्यास जातो. जाण्यापूर्वी तो आमचा सल्ला घेतो. म्हणून भुलेखाली फुप्फुसाचे काय होते, हे वैद्यबंधूंना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

पूर्ण भूल दिली की श्वसनाचे स्नायू शिथिल होतात व उताण्या रुग्णाच्या फुप्फुसाचा पाठीकडील भाग काही मिनिटांतच मिटू लागतो. शुद्ध प्राणवायू दिल्यास हे अधिक त्वरेने घडते. (येथे प्राणवायू म्हणजे ऑक्सिजन, संहितांतील प्राणाशी गल्लत नको.) हवेतील सुमारे ७८ टक्के नायट्रोजन रक्तात फारसा शिरत नाही, तोच वायुकोश फुगलेले ठेवतो. निव्वळ ऑक्सिजन मात्र पूर्णपणे शोषला जातो आणि कोश मिटतो. असा मिटलेला भाग सूक्ष्म सोनोग्राफीत गाठीसारखाच भासतो. मग नमुना भलत्याच जागेचा घेतला जातो. कर्करोगाचे निदान हुकण्यास एवढे पुरेसे आहे.

अमेरिकेतील ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रातील संशोधकांचा ७६ रुग्णांवरील अभ्यास २०२२ मध्ये 'चेस्ट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. श्वासनलिकेत नळी घालताच फुप्फुस एकदा दाबाने फुलविणे, ऑक्सिजन गरजेपुरताच ठेवणे आणि उच्छ्वासाअंती ८ ते १० सेंटिमीटर पाण्याइतका दाब टिकविणे, अशी त्यांची रीत होती. नेहमीच्या पद्धतीत सुमारे ८४ टक्के रुग्णांत फुप्फुसाचा काही भाग मिटला. या रीतीने केवळ २९ टक्क्यांत. अर्थात रक्तदाब घसरण्याचा व फुप्फुस फाटण्याचा धोका पाहून हा निर्णय भूलतज्ज्ञानेच घ्यावयाचा.

आमचे काम त्याआधीचे. स्थूल रुग्णात फुप्फुस अधिक मिटते, तेव्हा वजन व बिडी-तंबाखूची सवय चिठ्ठीत स्पष्ट लिहावी. गुग्गुळ, लसूण यांचे कल्प चालू असल्यास तेही कळवावे, कारण नमुना घेताना रक्तस्राव वाढू शकतो. औषधविक्रेत्यांनी एक ध्यानी घ्यावे : 'उपाशीपोटी या' असे सांगितलेला रुग्ण च्यवनप्राश किंवा दुधातील चूर्ण हे औषध समजून घेतो. ते अन्नच आहे. भुलेत उलटून श्वासनलिकेत गेल्यास फुप्फुस त्यानेही मिटते. तपासणीनंतर घसा बधिर असेपर्यंत काढा तर नाहीच, पाण्याचा घोटही देऊ नये. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांच्या अनुमतीने रुग्णास उशाशी टेकवून बसवावे व दीर्घ श्वास घेण्यास सांगावे.