टिटवीची अंडी कोण खाते?

रात्री घरावरून टिटवी ओरडत गेली की आपल्याकडील म्हाताऱ्या बाया अजूनही दचकतात. आता कोणाचा तरी नंबर लागणार, असे म्हणतात. टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस जास्त, चार घातली तर चारही महिने पाऊस, असाही हिशेब पुष्कळ शेतकरी मांडतात. टिटवी बहुतेक वेळा चारच अंडी घालते. मग दुष्काळाच्या वर्षी ती काय वेगळे करते, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

खरी गोष्ट साधी आहे. टिटवी ओरडते ती आपल्या मरणासाठी नव्हे, तर स्वतःच्या लेकरांच्या जिवासाठी. रात्री कुत्रा, कोल्हा किंवा रानमांजर तिच्या घरट्याच्या बाजूने निघाले की ती उठते आणि सारे शिवार जागे करते.

घरटे म्हणण्यासारखे तिच्याकडे काही नसतेच. पुलगावच्या भोवती, वर्धा नदीच्या दोन्ही काठांना, पऱ्हाटी निघाली की काळी वावरे उघडी पडतात. मार्चपासून पुढे टिटवी अशाच उघड्या जागी उथळ खळगा करते, कडेने चार खडे किंवा शेळीच्या लेंड्या मांडते आणि अंडी घालते. रेल्वेच्या रुळांमधल्या खडीतही ती अंडी घालते. अंड्यांवर मातकट रंगावर काळे डाग असतात. पायाशी पडलेली असली तरी ढेकळात ती ओळखू येत नाहीत. साधारण 28 ते 30 दिवस नर-मादी आळीपाळीने बसतात. उन्हाळ्यात अंडी शिजू नयेत म्हणून पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येतात. कोणी जवळ आले तर पंख मोडल्याचे सोंग करून त्याला दुसरीकडे नेतात. पिले अंड्यातून निघाल्यावर लगेच चालू लागतात आणि आईची हाक आली की जागच्या जागी दगडासारखी निपचित पडतात.

इतके करूनही कितीतरी घरटी जातात. दिवसा कावळा आणि मुंगूस, कधी घोरपड, कधी नाग-धामण. धुऱ्यावरच्या झुडपाखाली बसणारा तितर, गवतातली लावा आणि ढेकळाच्या आडोशाला अंडी घालणारा चंडोल यांचीही हीच कथा आहे. सुगरणीचे बरे आहे. ती बाभळीच्या अगदी टोकाला, बरेचदा विहिरीवर ओथंबलेल्या फांदीला खोपा टांगते आणि खाली लांब नळी सोडते. कावळ्याला तिथे बसायला जागा नसते. काही पाखरे तर कोतवालाच्या शेजारी घर करतात. हा काळा, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी आपल्या घरट्याजवळ आलेल्या कावळ्याला आणि घारीलासुद्धा टोचून पळवतो. गावचा कोतवाल जसा रात्री गस्त घालायचा, तसे याचे काम. नाव ठेवणाऱ्याने बरोबर ठेवले आहे.

तेव्हा शिकारी प्राण्यांना मारून टाकावे काय? मुळीच नाही. मुंगूस आणि धामण वावरातले उंदीर खातात. एकट्या धामणीने शेतकऱ्याचे किती धान्य वाचते! घोरपडीला तर 1972 च्या वन्यजीव कायद्याने कडक संरक्षण आहे, तिला मारणे गुन्हा आहे. हे प्राणी आणि ही पाखरे हजारो वर्षे एकत्र राहत आली. एक घरटे गेले की टिटवी पुन्हा अंडी घालते. तो तोटा तिच्या हिशेबात धरलेला असतो.

हिशेब बिघडला तो दुसरीकडे. पूर्वी गावाबाहेर टाकलेले मेलेले ढोर गिधाडे तासाभरात साफ करीत. ढोरे ओढण्याचे काम बाबासाहेबांच्या सांगण्यावरून आपल्या वाडवडिलांनी टाकले, ते योग्यच केले. पण ढोर कोणीही टाकले तरी गिधाडे यायची. 1990 नंतरच्या काळात ती झपाट्याने संपली. जनावरांना दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या ढोराच्या मांसातून त्यांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. सरकारने 2006 मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली, पण तोवर उशीर झाला होता. गिधाडांचे खाणे कुत्र्यांच्या वाट्याला आले आणि कुत्री वाढली. त्यात लग्नाच्या पंगतीच्या उष्ट्या पत्रावळी आणि कोंबडीच्या दुकानांचा कचरा गावाच्या कडेला फेकण्याची रीत पडली. त्यावर कुत्री आणि कावळे बारमाही पोसले जातात, आणि पोट भरलेले असले तरी वावरात हिंडून अंडे दिसले की उचलतात. म्हणजे मुंगसापेक्षा मोठा शिकारी आपणच पाळला आहे.

आडोसाही आपणच काढला. उन्हाळ्यात धुरे पेटवण्याची सवय घ्या. आग तितराची अंडी जाळते आणि उरलेल्यांना लपायला काडीही ठेवत नाही. ट्रॅक्टरने धुरे कोरून अरुंद झाले. बैलाच्या वखरापुढे टिटवी पंख पसरून उभी राहिली तर वखरणारा गडी दोन हात वळसा घालायचा. ट्रॅक्टरवरच्या माणसाला ती दिसत नाही.

यात आपले काय जाते, असे कोणी म्हणेल. ही पाखरे वावरातल्या अळ्या, भुंगे, वाळवी आणि नाकतोडे वेचतात. पाखरे कमी झाली की फवारणीवर भिस्त वाढते, आणि पाठीवर पंप घेतो तो आपलाच माणूस. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही.

गोंदिया जिल्ह्यात धानाच्या बांधीत सारस घरटे करतो. घरट्यापायी थोडे धान जाते म्हणून पूर्वी शेतकरी ते मोडत. तिथल्या 'सेवा' संस्थेच्या कार्यकर्त्यांनी बांधीबांधीवर जाऊन समजावले, आणि आता शेतकरीच अंड्यांची राखण करतात.

टिटवीला राखण नको, थोडी मोकळीक हवी. वखरणी किंवा निंदण करताना अंडी दिसली तर महिनाभर तेवढी चार हात जागा सोडावी. निशाणी म्हणून अंड्यांशेजारी काठी किंवा फडके लावू नये, कारण कावळा ती खूण आपल्याआधी शिकतो. लावायचीच तर दहा पावले दूर धोंडा ठेवावा. पोरांचा घोळका करून बघायला जाऊ नये. माणसे जमली की टिटवी उठते, आणि जवळच्या झाडावरचा कावळा तेवढीच वाट पाहत असतो. मार्च ते जून वावरात जाताना घरचे कुत्रे सोबत नेऊ नये. धुरा पेटवायचाच असेल तर सगळा एकदम पेटवू नये, अर्धा तरी राखावा. मे महिन्याच्या सुट्टीत मुलांच्या हातातली गलोल आईनेच काढून घ्यावी, बापाला ते जमत नाही.