चार इंचांचा नमुना

मनालीहून परतणाऱ्या मराठी कुटुंबाच्या बॅगेत कुल्लूची शाल असते आणि पुष्कळदा रंगीबेरंगी लोकरी मोज्यांचा एखादा जोडही असतो. शाल लग्नाकार्यात मिरवते, मोजे कपाटाच्या तळाशी जातात. विणकामात थोडाही रस असेल आणि मोजा हाताने विणलेला असेल, तर तो एकदा उलटा करून पाहा. बाहेरून चांदण्या, चौकटी, नागमोडी पट्टे दिसतात. आतल्या बाजूला दिसतात ते ओळीने जाणारे आडवे धागे. बाहेर लाल टाके चालू असताना पांढरा धागा मागून पुढे नेलेला असतो. पांढऱ्याची पाळी आली की लाल मागे जातो. त्यामुळे मोजा दिसायला एकपदरी असला तरी प्रत्यक्षात दुपदरी असतो. या दोन थरांत हवा अडकून राहते आणि ऊब देते ती ही हवाच. लोकरीचं काम तिला धरून ठेवण्याचं.

असे हातचे मोजे ही लाहौल खोऱ्याची खासियत. या खोऱ्यातलं, रोहतांग खिंडीपलीकडचं केलांग समुद्रसपाटीपासून सुमारे दहा हजार फुटांवर आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगद्याचं उद्घाटन झालं, त्याआधी बर्फ पडला की खिंड बंद व्हायची आणि वर्षातले कित्येक महिने हे खोरं रस्त्याने बाकीच्या देशापासून तुटायचं. शेतं बर्फाखाली आणि माणसं घरात, अशा दिवसांत सुया चालत. १८५६ मध्ये मोरेव्हियन पंथाच्या मिशनऱ्यांनी केलांगला ठाणं केलं आणि त्यांच्यापैकी विल्हेल्म हाइडे यांच्या पत्नी मारिया यांनी तिथल्या बायका-मुलींसाठी विणकामाची शाळा चालवली. पुढे लाहौलच्या बायकांनी हे काम इतकं आपलंसं केलं, की २०२१ मध्ये लाहौली मोजे आणि हातमोजे यांना भौगोलिक मानांकन मिळालं.

गंमत अशी, की केलांगला ते ठाणं झालं जवळपास त्याच काळात, १८५७ मध्ये, नॉर्वेतल्या सेल्बू गावात मारित एमस्टाड या तरुण मुलीने काळ्या-पांढऱ्या लोकरीचे, आठ पाकळ्यांच्या फुलाचे हातमोजे विणले. त्या फुलाने गावाला नाव मिळवून दिलं. आज सेल्बूच्या बोधचिन्हावरही तीच फुलं आहेत. लाहौल आणि सेल्बू यांच्यात हजारो मैलांचं अंतर, पण दोन्हीकडच्या मोज्याच्या आत तेच आडवे धागे. दोन्हीकडची नक्षी लहान लहान तुकड्यांची का, याचंही उत्तर तिथेच आहे. मागचा धागा इंचभरापेक्षा लांब मोकळा राहिला, तर मोजा चढवताना त्यात बोट अडकतं. म्हणून रंग लवकर लवकर पालटावा लागतो, आणि तो पालटला की चौकट, चांदणी, पाकळी उमटते. ही नक्षी मुळात ऊब आणि सोय यांच्या हिशेबातून आली आहे. लोकरीच्या लहान वस्तूंची रचना करताना मी हाच क्रम पाळण्याच्या बाजूची आहे: आधी हिशेब, मग शोभा.

आता आपल्याकडची थंडी पाहू. निफाड, महाबळेश्वर किंवा पुण्याची पहाट डिसेंबर-जानेवारीत चांगली कुडकुडायला लावते, पण उन्हं वर आली की स्वेटर अंगावर नकोसा होतो. अशा थंडीसाठी दोन महिने खपून पूर्ण बाह्यांचा स्वेटर विणण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. कानटोपी, गळपट्टा, बोटं उघडी ठेवणारे हातमोजे या आपल्या हवेच्या वस्तू. सकाळी फिरायला जाताना किंवा दुचाकीवर बसताना घालाव्यात, दहा वाजता काढून पिशवीत टाकाव्यात. शिवाय त्या आठवडाभरात हातावेगळ्या होतात.

पण वस्तू लहान आहे म्हणून अंदाजाने टाके घातले, तर ती हमखास फसते. स्वेटर इंचभर सैल झाला तर खपतो. टोपी इंचभर सैल झाली की डोळ्यांवर येते. म्हणून आधी नमुना विणायचा. ज्या लोकरीची वस्तू करायची तीच लोकर, त्याच सुया आणि तीच वीण घेऊन तीसेक टाके घालावेत आणि पाच-सहा इंच उंच चौकोन विणावा. तो धुवावा, सपाट वाळवावा आणि मग मधल्या चार इंचांत किती टाके बसले ते मोजावेत. कडेचे टाके ताणलेले असतात, ते मोजू नयेत. चार इंचांत वीस टाके आले, तर इंचाला पाच. हा आकडा ज्याचा त्याचा असतो. एकाच लोकरीवर, एकाच सुयांवर दोन बहिणींचे आकडे वेगळे येतात, कारण एकीचा हात घट्ट असतो आणि दुसरीचा सैल. म्हणूनच पुस्तकातली टाक्यांची संख्या जशीच्या तशी उचलून भागत नाही.

हिशेब करून पाहू. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर साधारण बावीस इंच धरू. टोपी ताणून बसायला हवी, म्हणून ती दोन-तीन इंचांनी लहान करायची. इंचाला पाच टाके असतील, तर ९६ टाक्यांची टोपी सव्वाएकोणीस इंचांची होते. छान बसेल. पण हात थोडा सैल असला आणि इंचाला साडेचारच टाके आले, तर त्याच ९६ टाक्यांची टोपी सव्वाएकवीस इंचांवर जाते. घातल्याघातल्या बरी वाटेल, दोन दिवसांत सैल पडेल. अर्ध्या टाक्याचा फरक एवढा महागात पडतो.

९६ हाच आकडा घेण्याला कारण आहे. त्याला चारने भाग जातो, त्यामुळे खालची पट्टी दोन सुलट-दोन उलट अशी नीट बसते. आठनेही भाग जातो, त्यामुळे डोक्यावरचा घुमट करताना आठ सारखे भाग पडतात, प्रत्येकी बारा टाक्यांचे. एका ओळीत प्रत्येक भागातला एक टाका घटवायचा, पुढची ओळ साधी विणायची. अकरा वेळा घटवलं की आठ टाके उरतात. त्यांतून धागा ओवून ओढून घ्यायचा. वरून पाहिलं तर आठ रेघा मधोमध येऊन मिळालेल्या दिसतात. नक्षीचा एकही जादा टाका न घालता हे फूल उमटतं, आणि मला ते सगळ्या नक्ष्यांहून आवडतं. (दोन सुयांवर विणून मागे शिवण घालणार असाल, तर शिवणीसाठी दोन टाके जास्त घ्या.)

पट्टीबद्दल थोडं. सुलट टाक्यांचे उभे पट्टे पुढे येतात, उलट टाक्यांचे मागे सरकतात आणि विणलेल्या कापडाला बारीक घड्या पडतात. ताणलं की घड्या उघडतात, सोडलं की मिटतात. इलॅस्टिक न घालता टोपी डोक्याला धरून राहते ती यामुळे. पट्टीला दोन नंबर बारीक सुया घ्याव्यात. टोपी आठ नंबरवर, तर पट्टी दहावर. आपल्या दुकानांतल्या जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते. आठ नंबर म्हणजे चार मिलिमीटर, दहा म्हणजे सव्वातीन. अमेरिकी व्हिडिओत आठ नंबर सांगितला, तर तो पाच मिलिमीटरचा असतो. त्यामुळे नंबर सोडून मिलिमीटर पाहावेत.

गळपट्ट्यात नवशिक्यांची सगळ्यांत जास्त निराशा होते. सगळा सुलट बाजूचा गुळगुळीत पट्टा विणला, की त्याच्या कडा वळून त्याची सुरळी होते. यात विणणाऱ्याची चूक नसते. त्या विणीचा ताण पुढे आणि मागे सारखा नसतो, त्यामुळे ती वळणारच, आणि इस्त्रीनेही ते जात नाही. दोन्हीकडून सारखी दिसणारी वीण घ्यावी: सगळ्या ओळी सुलट, किंवा एक सुलट-एक उलट आणि पुढच्या ओळीत त्याच्या विरुद्ध अशी दाणेदार. दुचाकी चालवणाऱ्यांसाठी तर लांब टोकांचा मफलर विणूच नये. वाऱ्याने सुटलेलं टोक चाकात जाऊ शकतं. गळ्याशी बसणारी, डोक्यातून घालायची बंद पट्टी विणावी. लोकर निम्मी लागते आणि जीव सुरक्षित राहतो.

हातमोजे सर्वांत सोपे. तळव्याच्या घेराएवढा रुंद चौकोन, उभ्या पट्ट्यांच्या विणीचा, विणून बाजूने शिवायचा आणि शिवताना अंगठ्यासाठी दोन इंच मोकळे सोडायचे.

उरला प्रश्न लोकरीचा. शहरातल्या दुकानांत स्वस्त मिळणारे बहुतेक गुंडे ॲक्रिलिकचे असतात. ओळखायची खूण म्हणजे धाग्याचं टोक चिमट्यात धरून जपून जाळून पाहावं. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. ॲक्रिलिक वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. ॲक्रिलिक वाईट असं मी म्हणणार नाही. ते धुवायला सोपं, त्याला कसर लागत नाही आणि पुण्याच्या पहाटेला ते पुरतं. पण लेकीच्या बाळंतपणाला कॅनडाला निघालेल्या आजीने मात्र खरी लोकरच घ्यावी. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के दमटपणा शोषूनही अंगाला ओली लागत नाही. ॲक्रिलिक जवळपास काहीच शोषत नाही. बर्फाच्या गावात हा फरक कळतो. लोकर तलम असावी, मेरिनोसारखी. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ असते. सनगरांच्या मागावर तिची घोंगडी होते, चिंचोक्याची खळ घेऊन पावसालाही तोंड देते. कानाला लागून बसणाऱ्या टोपीचं ते काम नव्हे.

खऱ्या लोकरीला गरम पाणी आणि चोळणं सोसत नाही. तिच्या तंतूंवर बारीक खवले असतात, ते एकमेकांत अडकतात आणि मोठ्या माणसाची टोपी बाळाची होते. कोमट पाण्यात बुडवून, न पिळता, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावी आणि सपाट पसरून वाळवावी. तारेवर टांगली की पाण्याच्या वजनाने लांबते.

या डिसेंबरात सुया हातात घेणार असाल, तर माझं एवढं ऐका. नक्षीचे फोटो शोधण्याआधी नमुन्याचा चौकोन विणा, धुवा, मोजा आणि आलेला आकडा लोकरीच्या वेष्टनावर तारखेसह लिहून ठेवा. तीच लोकर आणि त्याच सुया पुन्हा घेतल्यात, तर पुढच्या टोपीचा हिशेब तिथूनच सुरू करता येईल.