बांधकामाधीन सदनिकांची खरेदी (महाराष्ट्र)

इमारत पूर्ण होण्यापूर्वी, कित्येकदा पायाही खणला जाण्यापूर्वी, नकाशाच्या आधारे सदनिका विकत घेण्याच्या व्यवहारास बांधकामाधीन सदनिकेची खरेदी म्हणतात. बोलीभाषेत यास ‘फ्लॅट बुक करणे’ असे म्हटले जाते. या व्यवहारात खरेदीदार पैसे आधी देतो व घर त्यास काही वर्षांनी मिळते. मधल्या काळातील जोखीम कोणी सोसावी, हा या विषयातील मूळ प्रश्न आहे. महाराष्ट्रातील १९६३ पासूनच्या कायद्यांचा रोख पैसे बांधकामाच्या प्रगतीशी जोडण्याकडे आणि तोंडी आश्वासने नोंदणीकृत कागदावर आणण्याकडे राहिला आहे.

स्वरूप

विकासकास बांधकामासाठी भांडवल हवे असते. खरेदीदारास एकरकमी किंमत देणे शक्य नसते. हप्त्यांच्या व्यवहारात दोघांची सोय होते. सुरुवातीचा दर तयार घरापेक्षा बहुधा कमी असतो. मात्र या बचतीतून वस्तू व सेवा कर वजा करावा लागतो. १ एप्रिल २०१९ पासून बांधकामाधीन घरांवर हा कर ५ टक्के, तर परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणाऱ्या घरांवर १ टक्का आहे. इमारतीस पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या सदनिकेवर तो लागत नाही. ताबा मिळेपर्यंत राहत्या घराचे भाडे आणि गृहकर्जाचे व्याज असा दुहेरी भारही अनेक कुटुंबांवर पडतो.

कायद्याची वाटचाल

महाराष्ट्रात या व्यवहारांवर पहिले ठोस नियंत्रण मालकी हक्काच्या सदनिकांबाबतच्या १९६३ च्या अधिनियमाने आणले. तो ‘मोफा’ या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. लेखी करार करून त्याची नोंदणी केल्याशिवाय किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास त्याने मनाई केली. परंतु प्रकल्पांवर सतत देखरेख ठेवणारी स्वतंत्र यंत्रणा त्यात नव्हती.

ही उणीव स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ म्हणजेच ‘रेरा’ या केंद्रीय कायद्याने भरून काढली. त्यातील उर्वरित तरतुदी १ मे २०१७ पासून लागू झाल्या आणि राज्यात महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण (महारेरा) कार्यरत झाले. विकासकांनी या कायद्यास दिलेले आव्हान मुंबई उच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०१७ रोजी फेटाळून त्याची घटनात्मक वैधता मान्य केली. मोफा रद्द झालेला नाही.

जमिनीचे क्षेत्र ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक आणि सदनिका आठांहून अधिक असल्यास प्रकल्पाची नोंदणी बंधनकारक असते. नोंदणीपूर्वी जाहिरात, आगाऊ आरक्षण वा विक्री करता येत नाही. भूखंड पाडून विकण्याचे प्रकल्पही या कायद्याच्या कक्षेत येतात.

पैसा आणि बांधकाम यांची सांगड

नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम प्रकल्पाच्या स्वतंत्र बँक खात्यात ठेवावी लागते. ती केवळ जमिनीचा व बांधकामाचा खर्च भागवण्यासाठी, अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल यांच्या प्रमाणपत्रांनंतर काढता येते. एका प्रकल्पाचा पैसा दुसऱ्या प्रकल्पात वळवला जाऊ नये, हा यामागील हेतू आहे.

राज्याच्या २०१७ च्या नियमांतील नमुना करारात हप्त्यांची कमाल मर्यादा दिली आहे. करारानंतर एकूण किमतीच्या ३० टक्क्यांपर्यंत, जोते पूर्ण झाल्यावर ४५ टक्क्यांपर्यंत आणि सर्व स्लॅब पडल्यावर ७० टक्क्यांपर्यंत रक्कम घेता येते. पुढील रक्कम भिंती, गिलावा, फरशी, उद्‌वाहन इत्यादी कामांनुसार द्यावयाची असून उरलेला शेवटचा हप्ता ताब्याच्या वेळी देय होतो. भारतीय रिझर्व्ह बँकेनेही ३ सप्टेंबर २०१३ रोजी बँकांना गृहकर्जाचे वितरण बांधकामाच्या टप्प्यांशी निगडित ठेवण्यास सांगितले होते.

करारातील महत्त्वाच्या बाबी

विक्री चटई क्षेत्रावर, म्हणजे सदनिकेच्या प्रत्यक्ष वापरण्याजोग्या क्षेत्रावर करावी लागते. त्यात आतील भिंतींची जागा धरली जाते. बाहेरील भिंती, सज्जा आणि खुली गच्ची धरली जात नाही. पूर्वी जिना, मार्गिका इत्यादींचा वाटा मिळवून फुगवलेले क्षेत्र सांगितले जाई.

ताब्याची तारीख करारात स्पष्ट असावी लागते. इमारतीच्या मंजूर नकाशात मोठा बदल करण्यास दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती आवश्यक असते. ताब्यापासून पाच वर्षांत आढळलेला बांधकामातील दोष विकासकाने विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. ‘ताबा’ या शब्दाचा कायदेशीर आधार भोगवटा प्रमाणपत्र हा आहे. केवळ किल्ली हाती येणे पुरेसे नसते.

शहरांच्या जुन्या भागांतील प्रकल्प

मध्यवर्ती भागांत मोकळी जमीन दुर्मीळ असल्याने नवे प्रकल्प बहुधा जुन्या इमारती वा चाळींच्या पुनर्विकासातून उभे राहतात. जुन्या रहिवाशांना पुनर्वसनाची घरे द्यावयाची आणि उरलेल्या सदनिका विकून खर्च भरून काढावयाचा, अशी त्याची रचना असते. त्यामुळे रहिवाशांची संस्था, जमीनमालक, नियोजन प्राधिकरण आणि विकासक यांपैकी एकाशी वाद झाला तरी नव्या खरेदीदाराचे घर रखडू शकते. मुंबईत गोरेगाव येथील पत्राचाळीच्या पुनर्विकासाचा करार २००८ मध्ये झाला. काम रखडल्याने म्हाडाने २०१८ मध्ये तो रद्द केला. दरम्यान ६७२ मूळ कुटुंबे घराविना राहिली.

वरळीच्या कॅम्पा कोला संकुलात धोका निराळा होता. तेथे १९८० च्या दशकात मंजुरीपेक्षा अधिक मजले बांधून विकले गेले. अनेक वर्षे राहत्या झालेल्या या घरांविरुद्धची कारवाई सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१३ मध्ये वैध ठरवली. आपला मजला मंजूर नकाशात आहे की नाही, हे पाहण्याचे महत्त्व या उदाहरणातून कळते.

दूरच्या गावांतील खरेदीदार

गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी हे ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेडमार्गे नागपूरशी महामार्गाने जोडलेले आहे. अशा गावातील कुटुंबास मुलांचे शिक्षण वा नोकरी यांसाठी नागपुरात घर घ्यावयाचे झाल्यास बांधकामावर वारंवार जाऊन लक्ष ठेवणे कठीण असते. त्याच्यासाठी कागदपत्रे हीच पाहणीची मुख्य साधने ठरतात. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक, पूर्णत्वाची घोषित तारीख, मंजूर नकाशे, जमिनीच्या हक्काचा अहवाल, बोजा, न्यायप्रविष्ट दावे आणि त्रैमासिक प्रगती पाहता येते. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातींत क्यूआर कोड छापणे बंधनकारक असून मोबाइलवरून थेट ही माहिती उघडता येते. जमिनीची मालकी सातबारा उताऱ्यावरून किंवा शहरी भागात मिळकत पत्रिकेवरून (विदर्भात ‘आखीव पत्रिका’) पडताळली जाते. महारेराचे विभागीय कार्यालय नागपुरात आहे आणि तक्रार ऑनलाइन दाखल करता येते.

विलंब आणि दाद

ठरलेल्या तारखेस ताबा न मिळाल्यास खरेदीदारापुढे दोन पर्याय असतात: प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासह रक्कम परत घेणे, अथवा प्रकल्पात राहून ताब्यापर्यंत दरमहा व्याज घेणे. महाराष्ट्रात हा व्याजदर भारतीय स्टेट बँकेच्या निधी खर्चाधारित सर्वोच्च कर्जदराहून २ टक्के अधिक असतो. परताव्याचा हा हक्क बिनशर्त आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले. महारेराच्या आदेशाविरुद्ध ६० दिवसांत अपील न्यायाधिकरणाकडे जाता येते.

मर्यादा

आदेश मिळणे आणि पैसे मिळणे यांत अंतर असते. वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत होते. विकासकाकडे मालमत्ता न उरल्यास ती रखडते. विकासक दिवाळखोरीत गेल्यास २०१८ च्या दुरुस्तीनुसार खरेदीदारांना वित्तीय धनको मानले जाते. तथापि २०२० पासून अशी कार्यवाही सुरू करण्यास एकाच प्रकल्पातील किमान १०० अथवा १० टक्के खरेदीदारांनी, यांपैकी जी संख्या कमी असेल तितक्यांनी, एकत्र यावे लागते. नोंदणीतून सूट असलेल्या लहान इमारतींच्या खरेदीदारांना महारेराऐवजी मोफा आणि ग्राहक आयोग यांचाच आधार असतो. महारेराची नोंदणी ही माहिती जाहीर झाल्याची खूण आहे. प्रकल्प वेळेत पूर्ण होईल याची ती हमी नाही.