खेळाडू विद्यार्थ्याचें महाविद्यालय

चाकणसारख्या गांवीं एखाद्या घरचा मुलगा कुस्तींत चमकूं लागला किंवा मुलगी धावण्यांत पुढें आली, म्हणजे बारावीच्या निकालाबरोबर एक प्रश्न उभा राहतो : आतां महाविद्यालय कोणतें निवडावयाचें ? पुष्कळ पालक कार्यालयांतील कपाटांत मांडलेल्या ढाली पाहून निर्णय घेतात. परंतु त्या ढाली गेल्या खेळाडूंच्या. येणाऱ्याचें काय होईल हें त्या सांगत नाहींत.

या बाबतींत एक उदाहरण लक्षांत ठेवण्यासारखें आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत शिकले. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें त्यांचा सहावा क्रमांक आला. पुढें १९५२ सालीं हेलसिंकीस जाण्यास पैसा पुरेना, तेव्हां त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

घर गहाण ठेवण्याची अपेक्षा कोणत्याच प्राचार्यांकडून करतां येणार नाहीं. पण विद्यार्थ्याच्या पाठीशीं कोणी उभें राहील कीं नाहीं, हें प्रवेशापूर्वीं पारखतां येतें. स्पर्धा आणि परीक्षा एकाच दिवशीं आल्यास काय करतात ? बुडालेले तास कोण भरून देतो ? दुखापत झाल्यास कोण लक्ष घालतें ? हे प्रश्न कार्यालयांत तर विचारावेतच. पण गेल्या वर्षीं स्पर्धांना गेलेल्या विद्यार्थ्यांनाही गांठून विचारावे. खरें उत्तर तेथें मिळतें.

दुसरा विचार अंतराचा. चाकणहून पुणें सुमारें तीस किलोमीटर. रेल्वे नाहीं, आणि नाशिक व तळेगांवकडील रस्ते कारखान्यांच्या वाहनांनीं भरलेले. बालेवाडीचें क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठीं उभारलें गेलें; तें उत्तमच आहे. परंतु पहांटेचा सराव, दिवसाचे तास आणि दोन वेळचा प्रवास यांत झोपच उरली नाहीं, तर उत्तम मैदानाचा उपयोग काय ? अशा वेळीं वसतिगृह पाहावें, नाहीं तर जवळचें साधें महाविद्यालय आणि गांवची तालीम यांतच मुलाचें हित असूं शकतें.

शेवटची गोष्ट पदवीची. महाराष्ट्रांत शासकीय नोकऱ्यांत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठीं ५ टक्के आरक्षण आहे. पण त्या त्या पदाची शैक्षणिक पात्रता खेळाडूलाही चुकत नाहीं. खुद्द खाशाबांनाही पदकानंतर पोलिसखात्यांत नोकरी धरावी लागली. म्हणून मुलाला एकच विचारावें : उद्यां गुडघा दुखावून खेळ सुटला, तरी याच वर्गांत बसावेंसें तुला वाटेल काय ? तो क्षणभर थांबून ‘होय’ म्हणाला, तर प्रवेशपत्रिका खुशाल भरावी.