निवारा हवा, पण आमच्या गल्लीत नको!
बेघर निवारागृहांबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

उड्डाणपुलाखाली झोपलेल्या माणसांना गाडीनं चिरडल्याची बातमी आली की ‘यांची कुठेतरी सोय करा’ यावर सगळ्यांचं एकमत होतं. महापालिकेनं त्या ‘कुठेतरी’चा पत्ता जाहीर केला की मात्र त्याच लोकांच्या हरकती सुरू होतात. शाळा जवळ आहे, मंदिर जवळ आहे, सोसायटीत बायकामुलं आहेत. मधल्या मध्ये एक गोष्ट राहून जाते. निवारागृह कुठं असावं, केवढं असावं, तिथं काय असावं आणि ते कुणी चालवावं, याचे नियम ठरलेले आहेत. ते फारसं कुणी वाचत नाही आणि मग ऐकीव गोष्टींवर वाद रंगतात. त्यातले नेहमीचे गैरसमज एकेक करून पाहू.

गैरसमज १ : बेघर म्हणजे झोपडपट्टीत राहणारे.

वस्तुस्थिती : झोपडी कशीही असली तरी तिला छप्पर असतं आणि कित्येकदा वीजबिल, मतदार यादीतलं नावही असतं. जनगणनेच्या लेखी बेघर म्हणजे पदपथावर, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, मोठ्या पाइपांत, रेल्वे फलाटावर किंवा देवळाच्या आवारात उघड्यावर राहणारे लोक. त्यांची मोजणीही वेगळी, रात्री होते. २०११ च्या जनगणनेत ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. त्या एका रात्रीत देशभरात सुमारे १७ लाख ७३ हजार बेघर मोजले गेले. त्यांपैकी ९ लाख ३८ हजार शहरांत होते. मुंबईचा आकडा ५७ हजारांच्या आसपास होता. एका रात्रीत, अंधारात, सतत जागा बदलणाऱ्या माणसांची ही मोजदाद. प्रत्यक्षातला आकडा मोठा आहे, असं या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्था सतत सांगत आल्या आहेत.

गैरसमज २ : निवारागृह म्हणजे भिक्षेकरी गृह.

वस्तुस्थिती : या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. भिक्षेकरी गृह चालतं १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याखाली. तिथं पोलीस माणसाला पकडून आणतात, न्यायालय आदेश देतं आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं डांबून ठेवता येतं. वारंवार सापडल्यास ही मुदत दहा वर्षांपर्यंत जाते. दिल्ली उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१८ मध्ये या कायद्याची मुख्य कलमं दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्रात कायदा कायम आहे.

निवारागृहात माणूस आपल्या पायानं येतो आणि आपल्या पायानं जातो. पकडून आणणं नाही की कोंडून ठेवणं नाही. रस्त्यावरच्या माणसाला मात्र हा फरक कुणी समजावून सांगत नाही. महापालिकेची गाडी थांबली की ‘उचलायला आले’ म्हणून तो पळतो आणि आपण ‘सोय केली तरी येत नाहीत’ म्हणून मोकळे होतो.

गैरसमज ३ : निवारा ही सरकारची मेहेरबानी, तीही थंडीपुरती.

वस्तुस्थिती : डिसेंबर २००९ मध्ये दिल्लीत पुसा रोडवरचा तात्पुरता निवारा ऐन थंडीत पाडला गेला. अन्नाच्या हक्काचा खटला तेव्हा सर्वोच्च न्यायालयात चालू होता. त्या खटल्यात न्यायालयानंच नेमलेल्या आयुक्तांनी जानेवारी २०१० मध्ये न्यायालयाला पत्र लिहून ही बाब कळवली. त्यातून आलेल्या आदेशांनी एक मोजपट्टी घालून दिली : मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारागृह, तेही बाराही महिने आणि चोवीस तास उघडं. पुढे २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान सुरू झालं. त्यात ‘नागरी बेघरांना निवारा’ हा घटक आला आणि दर लाखामागे किमान शंभर माणसांची सोय, हे प्रमाण मार्गदर्शक सूचनांत उतरलं.

हा हिशेब कुणालाही करता येईल. २०११ ची लोकसंख्या धरली तर मुंबईला शंभर माणसांची १२४ निवारागृहं लागतात. पुण्याला ३१, नागपूरला २४, नाशिकला १४. मुंबईतली प्रत्यक्षातली संख्या या आकड्याच्या जवळपासही नाही. आणि समजा उद्या १२४ झाली, तरी त्यांत साडेबारा हजारांहून कमी माणसं मावतील. जनगणनेतले बेघर ५७ हजार. म्हणजे नियम अक्षरशः पाळला तरी पाचातल्या एकालाच छप्पर मिळेल. नियमातलं ‘किमान’ हे असं आहे.

गैरसमज ४ : शहराबाहेर मोठी जागा घ्या, तिथं सगळ्यांची सोय करा.

वस्तुस्थिती : नियम नेमकं उलट सांगतात. निवारागृह बेघर जिथं एकवटलेले आहेत तिथं किंवा त्यांच्या कामाच्या ठिकाणाजवळ असावं, म्हणजे रेल्वे स्थानक, बस आगार, घाऊक बाजार, मंडई यांच्या परिसरात. याचं कारण समजायला दादरच्या फूलबाजाराचं वेळापत्रक पुरे. तिथला हमाल झेंडूच्या गोण्या उतरवायला उजाडायच्या आत हजर असावा लागतो. मुंबईची लोकल रात्री एकच्या सुमारास थांबते ती चारच्या सुमारास सुरू होते. त्याला दूरच्या उपनगरात पलंग, गादी आणि पंखा दिला तरी तो पहाटे बाजारात पोचणार कसा? टॅक्सीनं आला तर दिवसाची मजुरी त्यातच जाईल. म्हणून तो बाजाराच्या कडेला, हातगाडीवर झोपतो. लग्नात वाढपी म्हणून जाणाऱ्याचंही तेच. कार्यालयातली आवराआवर मध्यरात्रीनंतर उरकते आणि तेव्हा परतीची गाडी नसते.

परळला टाटा रुग्णालयाबाहेर पदपथावर राहणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक गावी घर असलेलेच असतात. उपचार महिनोन्‌महिने चालतात, भाडं परवडत नाही आणि रुग्णालयापासून लांब जाता येत नाही. बरे होत असलेले रुग्ण आणि त्यांच्या कुटुंबांसाठी, वृद्धांसाठी, मानसिक आजार असलेल्यांसाठी वेगळी निवारागृहं असावीत, असं मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय ते याचसाठी. जागा चुकली की निवारागृह रिकामं राहतं, आणि रिकामं राहिलं की ‘गरजच नाही’ असा शेरा फायलीवर पडतो.

गैरसमज ५ : आमच्या वस्तीत करायचं तर आमची एनओसी लागते.

वस्तुस्थिती : निवारागृहासाठी शेजाऱ्यांची ना-हरकत घ्यावी, अशी अट या मार्गदर्शक सूचनांत नाही. म्हणून नागरिकांना बोलायची जागाच नाही, असं मात्र नव्हे. शहराची कोणती जमीन कशासाठी, हे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे विकास आराखड्यात ठरतं. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकती आणि सूचना मागवतात, सुनावणी होते. बोलायचं तिथं. नंतर आरक्षण बदलायचं असेल तरी जाहीर सूचना काढावी लागते. मुंबईच्या विकास आराखडा २०३४ मध्ये बाग, शाळा, दवाखाना यांच्याप्रमाणे बेघर निवारागृह हेही एक आरक्षण आहे.

पण नकाशावर आरक्षण पडलं म्हणजे इमारत उभी राहिली, असं होत नाही. जमीन खासगी असेल आणि दहा वर्षांत ती ताब्यात घेतली नाही, तर मालक कलम १२७ खाली खरेदी सूचना देऊ शकतो. त्यानंतरच्या २४ महिन्यांत पालिकेनं भूसंपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे पुसलंच जातं. दुसरा मार्ग समावेशक आरक्षणाचा. त्यात मालक भूखंडाच्या ठरलेल्या भागावर सुविधा बांधून पालिकेला देतो आणि उरलेला भाग स्वतः विकसित करतो. तिसरा मार्ग सगळ्यात स्वस्त : पडून असलेल्या पालिकेच्या इमारती दुरुस्त करून वापरणं. मार्गदर्शक सूचनांत त्यालाही मुभा आहे.

शेजाऱ्यांचा विरोध ही काही आपलीच मक्तेदारी नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात प्रत्येक निवाऱ्यासाठी विशेष परवानगीची सुनावणी व्हायची आणि तिथंच प्रस्ताव बारगळायचे. राज्यानं २००७ मध्ये कायदा करून प्रत्येक शहराला किमान एक असा विभाग नेमायला लावला, जिथं निवारा उघडायला वेगळी परवानगी लागत नाही. खाटांची संख्या, प्रकाशव्यवस्था, सुरक्षा यांच्या अटी शहर घालू शकतं. दोन निवाऱ्यांत अंतर ठेवायला सांगू शकतं, पण ते ३०० फुटांहून जास्त मागता येत नाही. अटी घाला, पण अटींच्या आडून नकार देऊ नका, असा त्याचा अर्थ.

गैरसमज ६ : एक हॉल, चार सतरंज्या, झालं निवारागृह.

वस्तुस्थिती : माणशी किमान ५० चौरस फूट जागा हवी. म्हणजे पन्नास माणसांना अडीच हजार चौरस फूट. हवेशीर खोल्या, पिण्याचं पाणी, पुरेशी स्नानगृहं आणि शौचालयं, आग विझवण्याची साधनं, प्रथमोपचार पेटी, डास-ढेकणांचा बंदोबस्त, गाद्या-पांघरुणांची नियमित धुलाई, स्वयंपाकाची जागा आणि गॅसची जोडणी, हे सगळं सूचनांत लिहिलेलं आहे. व्यवस्थापक हवा आणि आठ-आठ तासांच्या पाळ्यांत काळजीवाहक हवेत. लहान मुलांना जवळच्या अंगणवाडीशी जोडून द्यायचं आहे.

यादीतल्या एका साध्या वस्तूवर बरंच काही अवलंबून असतं. ती म्हणजे कुलूपबंद कप्पा. पदपथावरच्या माणसाची सगळी मालमत्ता एका बोचक्यात असते. त्यातच कागदपत्रं, त्यातच चार पैसे. रात्री ते उशाला घेऊन झोपतो, पण दिवसा ते कुठं ठेवणार? कप्पा मिळाला तर तो मोकळ्या हातांनी कामावर जाऊ शकतो. चोवीस तास उघडं ठेवण्याची अटही अशीच. रात्रपाळीचा रखवालदार दिवसा झोपतो. सकाळी सातला सगळ्यांना बाहेर काढून दाराला कुलूप लावणारं निवारागृह त्याच्या काय कामाचं?

बायकांचा प्रश्न आणखी वेगळा. बायका आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली मुलं यांच्यासाठी प्रत्येक शहरात किमान एक स्वतंत्र निवारागृह हवं, असा दंडक आहे. कुटुंबांसाठी वेगळी व्यवस्था हवी. ती नसेल तर नवरा पुरुषांच्या निवाऱ्यात आणि बायको-मुलं दुसरीकडे, अशी ताटातूट होते. मग कुटुंब पदपथच पत्करतं.

गैरसमज ७ : आधार कार्ड नाही, तर प्रवेश नाही.

वस्तुस्थिती : पत्ता नाही म्हणून कागद नाही आणि कागद नाही म्हणून छप्पर नाही, हे दुष्टचक्र सर्वोच्च न्यायालयाच्याही नजरेतून सुटलं नाही. घरच नसलेल्या माणसाचं आधार निघणार कसं, असा प्रश्न न्यायालयानं जानेवारी २०१८ मध्ये सुनावणीत विचारला होता. मार्गदर्शक सूचनांचा रोख उलट दिशेनं आहे. निवारागृहात आलेल्या माणसाला तिथून ओळखपत्र, रेशनकार्ड, बँक खातं, निवृत्तिवेतन आणि मुलांना शाळाप्रवेश मिळवून द्यायचा आहे. नोंदवहीत नाव लिहून घेणं वेगळं आणि कागदाअभावी दारातून परत पाठवणं वेगळं.

गैरसमज ८ : रिकामटेकडे येतील, चोऱ्यामाऱ्या वाढतील.

वस्तुस्थिती : ‘मोफत मिळालं की लोक काम करत नाहीत’ हा सूर फक्त नाक्यावर ऐकू येतो असं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये शहरी बेघरांच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठानं मोफत योजनांबद्दल अशा आशयाची टिप्पणी केली होती. पण पदपथावर झोपणाऱ्यांत हमाल आहेत, बिगारी आणि नाका कामगार आहेत, कचरावेचक आहेत, वाढपी आहेत. शहर त्यांना कामाला घेतं, फक्त त्यांच्या मजुरीत भाडं बसत नाही.

शेजाऱ्यांच्या भीतीबद्दल एवढंच. नियमाप्रमाणे निवारागृह तिथंच उघडतं जिथं बेघर आधीपासून आहेत. ते बाहेरून माणसं आणत नाही. असलेल्या माणसांना दिवा, शौचालय, नोंदवही आणि रात्रभर जागा काळजीवाहक देतं. अंधाऱ्या पुलाखालच्या वस्तीपेक्षा ते शेजाऱ्यांनाही सोयीचं आहे.

गैरसमज ९ : पालिकेकडे पैसा कुठंय?

वस्तुस्थिती : २०१३ च्या सूचनांत पन्नास माणसांचं निवारागृह चालवायला वर्षाला ६ लाख रुपये धरले होते. भागाकार केला तर माणशी दिवसाला ३३ रुपये. महागाई धरून ते दुप्पट-तिप्पट केले तरी शहराचं दिवाळं निघत नाही. उभारणी आणि संचालनाच्या खर्चात केंद्राचाही वाटा ठेवलेला होता. निधी असूनही निवारागृहं उभी राहत नाहीत, ही तक्रार न्यायालयापुढे आली. म्हणूनच नोव्हेंबर २०१६ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. अडतं ते जागेपाशी आणि इच्छेपाशी.

तेव्हा पुढच्या वेळी ‘यांची कुठेतरी सोय करा’ म्हणण्याआधी आपल्या वॉर्ड ऑफिसला तीन प्रश्न विचारा. आपल्या प्रभागात निवारागृहाचं आरक्षण कुठल्या भूखंडावर आहे? त्याला किती वर्षं झाली? आणि सध्या चालू असलेल्या निवारागृहात बायकांसाठी किती जागा आहेत? उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपये लागतात. आणि आराखड्यावर हरकत नोंदवायची वेळ आली, तर एखादी हरकत निवारागृह नसल्याबद्दलही नोंदवा.