कातडीच्या दाया

विळीवर बोट कापले, तर हळद दाबून चिंधी बांधण्यापलीकडे आपण काही करीत नाही आणि जखम भरून आली म्हणजे तिची आठवणही ठेवीत नाही. परंतु त्या चिंधीखाली रक्त गोठून खपली धरते, पांढऱ्या पेशी जंतूंचा व मेलेल्या ऊतींचा निचरा करतात, आणि जखमेच्या कडेवरील पेशी सरकत, विभागत, मध्यभागी येऊन परस्परांना भिडतात, हा सारा कारभार कोणाच्याही हुकुमाची वाट न पाहता बिनबोभाट चाललेला असतो. मात्र या कारभाराला जवळपास कोठेतरी शाबूत कातडी लागते. ज्याचे जवळजवळ सर्वांग खोलवर भाजले, त्याच्या जखमेला जवळची कडच उरत नाही. आणि दुसऱ्याची कातडी लावावी, तर शरीर ती काही दिवस सोसते व अखेरीस परकी म्हणून नामंजूर करते.

हा पेच सोडविणाऱ्या हॉवर्ड ग्रीन यांचा मूळचा मुलूख कातडीचा नव्हे. १९२५ साली कॅनडातील टोरोंटो येथे जन्मलेल्या व तेथेच वैद्यकाची पदवी घेतलेल्या या संशोधकाने न्यूयॉर्क विद्यापीठात असताना, साध्या पेशीची कर्कपेशी कशी होते हे पाहण्याच्या उद्देशाने, जॉर्ज टोडारो यांच्यासह उंदराच्या गर्भातील पेशींचा एक वंश सिद्ध केला. दर तीन दिवसांनी तीन लाख पेशी नव्या बशीत घालण्याची जी वहिवाट त्यांनी ठेवली, तिच्यावरून त्या वंशाला ‘३टी३’ हे नाव पडले.

पुढे मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत त्यांचे शिष्य जेम्स राइनवाल्ड उंदराच्या एका गाठीच्या पेशी वाढवीत होते. या जातीच्या गाठीत अनेक प्रकारच्या ऊती एकत्र नांदतात; तिच्यातून बशीत जे पुंजके उगवले, त्यांत कातडीच्या बाह्य थराच्या पेशी आहेत असे ध्यानात आले. हाती घेतलेला प्रश्न निराळा होता, तरी समोर आलेली ही वस्तू त्यांनी बाजूला सारली नाही. तोवर माणसाच्या कातडीच्या पेशी बशीत फार काळ टिकत नसत, कारण तंतू निर्माण करणाऱ्या पेशी त्यांना मागे टाकून सारी जागा बळकावीत. ग्रीन व राइनवाल्ड यांनी ३टी३ पेशींवर प्रारणांचा मारा करून त्यांची विभागण्याची शक्ती हरण केली, परंतु काही काळ त्यांना जिवंत राहू दिले. आणि स्वतःची संतती नसलेल्या या दायांच्या मांडीवर माणसाच्या त्वचापेशी पिढ्यानुपिढ्या वाढू लागल्या. ही पद्धती १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली.

तिची खरी कसोटी १९८३ मध्ये लागली. ग्रीन तोवर हार्वर्डच्या वैद्यक विद्यालयात आले होते. वायोमिंग राज्यातील दोन लहान भाऊ शरीराचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग भाजलेल्या अवस्थेत बोस्टनच्या रुग्णालयात दाखल झाले. त्यांच्या काखेतून घेतलेल्या नखाएवढ्या कातडीपासून जे पापुद्रे प्रयोगशाळेत तयार झाले, ते त्यांच्या शरीराच्या सुमारे अर्ध्या पृष्ठभागावर लावण्यात आले, आणि ते दोघेही वाचले.

या यशाची मर्यादाही नमूद केली पाहिजे. बशीत वाढते ती केवळ बाह्यत्वचा. तिच्याखालचा बळकट थर तीत नसतो, केस नसतात, घामाच्या ग्रंथी नसतात, त्यामुळे अशी कातडी अंग झाकते, जीव वाचविते, पण उन्हाळ्यात अंग निववू शकत नाही. पापुद्रा नाजूक, खर्च मोठा, आणि तो तयार होईतो रुग्णाला आठवडेच्या आठवडे तगवून ठेवण्याची जबाबदारी डॉक्टरांची.

तरीही वंश पुढे चालला. २०१५ साली जर्मनीतील बोखुम येथे, जन्मजात जनुकदोषामुळे जिची बाह्यत्वचा खालच्या थराला धरून राहत नाही अशा कातडीचा एक सात वर्षांचा मुलगा मरणपंथाला लागला होता. ग्रीन यांच्या तालमीत तयार झालेले इटालियन शास्त्रज्ञ मिकेले दे लुका यांच्या पथकाने त्याच्याच पेशींतील दोष दुरुस्त करून नवी कातडी वाढविली, आणि शल्यविशारदांनी त्याच्या अंगाचा सुमारे ८० टक्के भाग तिने आच्छादिला. ग्रीन त्याच वर्षी निवर्तले. त्या मुलाच्या पेशी ज्यांच्या आधाराने वाढल्या, त्या दाया मात्र पन्नास वर्षांपूर्वी कर्करोगाच्या शोधासाठी पाळलेल्या त्या उंदराच्या पेशींच्याच कुळातील होत्या.